डुकरं खड्डे बुजवत नाहीत

"बाबा, कुंपणाच्या आत आई सापडली, तर तुम्ही तिला पकडणार का?"

विचारून झाल्यावर भोंग्याला वाटलं, आपण जरा मोठ्यानंच विचारलं. पण तिचं सगळंच मोठ्यानं असायचं, म्हणून तर वस्तीनं तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. गेल्या वर्षापर्यंत हीच पोरगी आईच्या पाठीआडून बोलायची. नववीत गेली, शाळेत सगळ्यांसमोर उभी राहून एकदा भाषण ठोकलं, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून जी सुटली ती सुटलीच.

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. दुपारी शाळेच्या हापशावर जाडीनं तो तिच्या गळ्यात मारला होता. जाडी म्हणजे वर्गातली सगळ्यात काटकुळी मुलगी. वारा सुटला की खिशात दगड ठेव गं, असं तिला सगळ्या चिडवायच्या. "एवढी तोंड चालवतेस ना," जाडी म्हणाली होती, "मग घरी जाऊन बापाला हे विचार. नुसतं विचारायचं नाही, उत्तर आणायचं. आणलंस तर ही रिबीन तुझी." रिबीन लाल होती आणि अजून तिची चमक गेली नव्हती. बाकीच्या पोरींनी हुर्यो केली. भोंगा म्हणाली, "त्यात काय! आणते की."

बाबा दारात बसून बूट काढत होते. राखणदारांना लागवडीवरून मिळालेले बूट. माप मोठं, म्हणून पुढं चिंध्या कोंबलेल्या. त्यांनी एक बूट काढला, उलटा करून दगडावर आपटला. माती पडली. मग दुसरा. चुलीपाशी आईनं फुंकर मारायची थांबवली होती. धाकटी तेवढी, आपल्याला काही कळत नाही अशा खुशीत, रिकाम्या ताटलीवर चमचा वाजवत होती.

"पाणी दे," बाबा म्हणाले.

भोंग्यानं पाणी दिलं. ते प्यायले. तांब्या खाली ठेवला, मिशीवरचं पाणी पुसलं, आणि बूट उचलून आत कोपऱ्यात नेऊन ठेवले.

"भोंग्या," आई म्हणाली, "जाऊन काटक्या आण."

"काटक्या आहेत की."

"मग अजून आण."

*

वस्तीमागच्या डोंगराला पूर्वी नुसतं रान म्हणायचे. आता त्याला लागवड म्हणतात. तारेचं कुंपण आलं, आत एकसारखी उंच सरळ झाडं आली, शाळेच्या प्रार्थनेला रांगेत उभी केल्यासारखी. कंपनीनं राखणीला माणसं घेतली ती वस्तीतलीच. कोण कुठून घुसेल, कुठं खणेल, हे घरच्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार? राखणदाराला पगार धान्यात. पंधरवड्याला गोदामातून माप मिळायचं. त्यात चार तोंडं आणि शेजारची आत्या. पुढचं माप यायच्या आधीच डब्याचा तळ दिसायचा. बाजारगावातलं स्वस्त धान्याचं दुकान उघडलं तर उघडलं. नाहीतर एवढी पायपीट करून माणसं कुलूप बघून परत यायची. शेताच्या तुकड्यात हिरवं होतं, पण पिकायला वेळ होता. हे दिवस असेच असायचे, दरवर्षी. फरक एवढाच, की पूर्वी या दिवसांत रान होतं.

लागवडीच्या झाडांखाली जुने वेल अजून तग धरून होते. त्यांच्या मुळाशी कंद. कडू, चिरून धुतल्याशिवाय तोंडात घालता न येणारे, पण पोटात गेल्यावर दिवसभर बसून राहणारे.

रविवारी उजाडता उजाडता आई, आत्या आणि भोंगा ओढ्याच्या बाजूनं निघाल्या. तिथं पाण्यानं कुंपणाची खालची तार उचलली होती. आत्या पोटावर सरपटत पलीकडं गेली, तिनं पहार ओढून घेतली. आई गेली. भोंग्याच्या वेणीचं टोक तारेत अडकलं.

"भाषण करून सोडव आता," आत्या म्हणाली.

आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा कामाला म्हणून दूर गेला तो तिकडचाच झाला. मूल नाही. बाबांना हिनंच कडेवर खेळवलं, हिनंच खणायला शिकवलं. हाताचा अंगठा तिचा वेडावाकडा होता, तरुणपणी पहार बसली होती त्यावर. तो अंगठा वाळक्या वेलावरून सरकवत सरकवत ती खाली जमिनीपर्यंत यायची आणि मग तिथं न खणता हातभर बाजूला पहार मारायची.

"वेलावरच मारलीस तर कंदाचे तुकडे होतात. बाजूनं जायचं. कुणाच्या घरी जायचं तर दारातून जातो ना आपण, छपरातून नाही."

खड्डा अरुंद आणि खोल. पहारेनं सैल करायचं, हातानं माती काढायची. शेवटी आत्या पालथी पडली, खांद्यापर्यंत हात आत गेला, गाल मातीला टेकला. डोळे मिटून ती आत चाचपत होती. तोंडानं हं, हं, असं चाललं होतं, लहान मुलाला झोपवताना चालतं तसं. मग हळूच ओढला. भोंग्याच्या मांडीएवढा कंद, केसाळ, मातीनं लडबडलेला.

आत्यानं सुरीनं वरचं डोकं कापलं, मुठीएवढं, वेलाच्या खुंटासकट. ते परत खड्ड्यात ठेवलं. वरची काळी माती आधी घातली, खालची पिवळी नंतर. टाचेनं दाबलं. आजूबाजूची पानं ओढून वर पसरली. मग मागं सरून बघितलं, अंथरूण नीट घातलंय का बघावं तसं.

"एवढं कशाला करतेस गं?" भोंगा म्हणाली. "चोरून तर आलोय."

"चोरून आलो म्हणून काय घाण करून जायचं?"

आईनं टोपली डोक्यावर घेतली. चालताना तिचे गुडघे वाजत होते. टोपली काही फार जड नव्हती, पण आईनं कालपासून स्वतःच्या ताटात काही घेतलेलं भोंग्यानं बघितलं नव्हतं. "मी आधीच खाल्लं" हे वाक्य आई इतक्या सहज म्हणायची की भोंगा ते कितीतरी वर्षं खरं धरून चालली होती.

*

शाळेची वाट कुंपणाला लागूनच जायची. बुधवारी येताना भोंग्यानं पाहिलं, आत, ओढ्याच्या बाजूला लागवडीवरचा मुकादम उभा आहे आणि बाबा त्याच्यासमोर. मुकादम वाईट माणूस दिसायचा नाही. भेटला की शाळा कशी चाललीय विचारायचा. हातात नेहमी एक वेताची काठी, टोकाला लोखंडी टोपण. ती काठी त्यानं जमिनीत खुपसली. मऊ लागली. फिरवली, उचकटली. आतून मुठीएवढं डोकं वर आलं.

"हे काय?" मुकादम.

"डुकरं येतात रात्रीची," बाबा म्हणाले.

"अस्सं." मुकादमानं ते डोकं उचलून फिरवून बघितलं. "डुकराकडं सुरी असते का रे? बघ की, कसं सपाट कापलंय." काठीनं त्यानं बाजूची पानं उलटली. "आणि ही पानं. सगळ्या रानात कोरडी बाजू वर. इथंच तेवढी ओली बाजू वर. राखणदार, डुकरं खड्डे बुजवत नाहीत."

"होय."

"मी काय म्हणतो ते नीट ऐक. नेतात, त्याचं मला काही नाही. पोट आहे, नेणार. पण हे परत लावून जातात! लावलं की उद्या म्हणणार, आमचे वेल, आमच्या आज्यानं लावलेले, आमची जागा. वरच्या साहेबांना तेच नकोय. एक माणूस धरून दाखव मला. नाहीतर राखणीला दुसरं कुणी बघतो. गोदामाच्या दारात पोरांची रांग आहे."

"होय."

एवढ्याशा बोलण्यात बाबा कितीदा होय म्हणाले. कुंपणाबाहेर भोंगा झाडासारखी उभी होती. बाबांना ती दिसली. दोघांनीही एकमेकांना पाहिलंच नाही असं दाखवलं.

त्या संध्याकाळी बूट काढता काढता बाबा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "डुकरं खड्डे बुजवत नाहीत म्हणे."

आई कंदाच्या चकत्या करत होती. सुरी थांबली. "मग?"

"मग काही नाही. मुकादम म्हणत होता."

दारात बसलेली आत्या म्हणाली, "डुकरांना आईबापानं शिकवलं नसेल."

"अक्का, गंमत नाही. माणूस पाहिजे त्याला. माणूस नाही दिला तर धान्य बंद."

"कुणाचं?"

"आपलं. सगळ्यांचं. अजून कुणाचं?"

चकत्या पाण्यात पडल्याचा आवाज येत राहिला. आणि मग भोंग्याच्या डोक्यात ते आलं. आलं म्हणजे असं लखकन आलं की ती उभीच राहिली.

"मग आपण डुकरं होऊया!"

"काय?"

"डुकरं! खड्डा उघडाच टाकायचा. माती अशी फेकायची, अशी!" तिनं दोन्ही हातांनी जमीन उकरून दाखवली. "सुरी न्यायचीच नाही. हातानं मोडायचं. पहारेनं बाजूला असे दातांचे ओरखडे काढायचे. मुकादम येऊ दे नाहीतर त्याचा आजा, म्हणणार डुकरंच!" आणि ती नाक वर करून अशी काही घुरघुरली की धाकटी हसून हसून आडवी झाली. आईच्याही तोंडावर हसू आलं. बाबा भिंतीकडं बघत होते, पण त्यांचे खांदे हलले.

आत्या हसली नाही. "आणि डोकं?"

"ते फेकायचं. डुकरं काय लावतात का?"

"फेकलं तर पुढच्या वर्षी काय खायचं?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू की."

"मला नाही जमणार," आत्या म्हणाली.

धाकटी हसायची थांबली होती. ती भांड्याच्या तळाला चिकटलेलं बोटानं खरवडून खात होती, आणि ते संपल्यावर बोट. आई तिच्याकडं बघत म्हणाली, "एवढे दिवस काढू, वन्सं. पीक हाताशी आलं की मग नाही."

*

आणि ते जमलं की! भोंग्याला तर वाटलं, आपण मुकादमाच्या डोक्यावर बसलोय. तिनं ओरखडे असे हुबेहूब काढले, माती अशी उधळली, की आईनंही म्हटलं, "बये, मागच्या जन्मी कोण होतीस गं तू?" वस्तीतल्या बाकीच्या बायकांना भोंग्यानंच शिकवलं. जाडीच्या आईलाही. सगळ्या कामाला लागल्या. एका आठवड्यात ओढ्याची अख्खी बाजू नांगरून टाकल्यासारखी झाली. आत्या यायची, खणायची, कंद काढून द्यायची, पण मोडायच्या वेळी तोंड फिरवायची. मोडायचं काम आईचं. भोंगा म्हणायची, "फेक ना डोकं." आई म्हणायची, "पुढं जाऊन फेकते," आणि टोपलीत टाकायची.

घरी कंद शिजत होते. चकत्या राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग करंडीत भरून ओढ्याच्या धारेत ठेवायच्या, करंडीवर दगड. कडूपणा पाण्याबरोबर निघून जायचा. सकाळी बायका एका रांगेत ओढ्यात वाकलेल्या, प्रत्येक जणी एक चकती जिभेला लावून थुंकायची. "अजून नाही." "माझं झालं बघ." जाडीच्या गालांवर जरा तकाकी आली. शाळेत ती भोंग्याला म्हणाली, "रिबीन मात्र मिळायची नाही हं. उत्तर कुठं आणलंस?"

"आणीन गं. घाई काय आहे?"

मुकादमानं डुकरांवर विश्वास ठेवला. ठेवला म्हणजे पुरता ठेवला. त्यानं तारेचे फास आणवले आणि बाबांकडूनच ते लावून घेतले, जमिनीलगत, पानांखाली. फास कुठं आहेत ते बाबांनी घरी आईला एकेक करून सांगितलं. पण मुकादमानं स्वतःच्या हातानं काही वेगळे लावले होते. त्यातला एक आईच्या घोट्यात बसला.

आई ओरडली नाही. तिला बसवून आत्यानं दातांनी आणि पहारेच्या टोकानं पीळ सोडवला. तारेनं मांस कापलं होतं, हाडापर्यंत. कुंपणाखालून आईला ओढताना भोंग्याच्या हाताला तिचं अंग लागलं, आणि ते इतकं हलकं लागलं की भोंग्याला भीती वाटली. घरी आल्यावर आईनं जखमेत राख भरली, फडकं बांधलं. बाबा संध्याकाळी आले. फडकं बघितलं. कुठल्या झाडाखाली, एवढंच विचारलं. बोलताना ते घोट्याभोवतालची सूज बोटानं दाबून बघत होते, आणि बोट काढलं की तिथं खड्डा तसाच राहत होता.

दुसऱ्या दिवशी आई जाऊ शकणार नव्हती. आत्या आणि भोंगा दोघीच गेल्या. शाळेला सुट्टी होती. ऊन वर आलं होतं आणि पहिल्यांदाच भोंग्यानं तो उतार नीट, उजेडात पाहिला. खड्ड्यांच्या कडा वाळून तडकल्या होत्या. ठिकठिकाणी बायकांनी फेकलेली डोकी पडली होती, सुरकुतलेली, मेलेल्या बेडकांसारखी. ज्या वेलांचे कंद काढले ते वेल झाडांवर तसेच लोंबत होते, पण आता त्यांच्या खाली काही नव्हतं.

आत्यानं एक डोकं उचललं. अंगठ्यानं चोळलं. आत काळं पडलं होतं. "हा वेल ओळखीचा आहे माझ्या," ती म्हणाली. "तुझ्याएवढी होते तेव्हा आईबरोबर इथंच काढलाय. नंतर मी काढला. तुझ्या बापानं पहिल्यांदा काढला तोही ह्याच वेलाचा. दर खेपेला तेच डोकं परत ठेवायचं. एकच आहे ते, किती वर्षांचं कुणास ठाऊक." तिनं ते भोंग्याच्या हातात दिलं. "घे."

भोंग्याला काहीतरी बोलायचं होतं. तिला नेहमीच काहीतरी बोलायचं असायचं. पण ती हातातलं ते काळं डोकं नुसती फिरवत राहिली. आत्या तिला रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर आत्यानं आईला विचारलं, "तू फेकलीस ना?"

आई लंगडत पाण्याच्या माठापाशी गेली. माठाखालचं ओलं गोणपाट तिनं उचललं. खाली, ओल्या वाळूत, डोकी ओळीनं मांडून ठेवली होती. काहींना कोंब फुटले होते, तांबूस, बाळाच्या बोटांएवढे.

"मला तरी कुठं जमलं," आई म्हणाली.

आत्या मटकन खाली बसली. मग दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता आत्यानं डोळे पुसले.

*

आत्यानं निम्मी डोकी नेली. भोंगा शाळेत असताना नेली, मुद्दामच. हिला बरोबर घेतली तर सगळ्या डोंगराला ऐकू जाईल, असं म्हणाली म्हणे. आणि तिनं ती तिच्या रीतीनंच लावली असणार. खाली काळी माती, वर पिवळी, टाचेनं दाबून, पानं पसरून, मागं सरून बघून.

शाळा सुटून भोंगा आणि जाडी येत होत्या. कुंपणापलीकडं चार माणसं दिसली. मुकादम. दोन राखणदार, तोंडं पाडून उभे. तिसरे बाबा. आणि जमिनीवर, दोन्ही पाय पुढं पसरून, आत्या. तिच्या मांडीवर पहार आडवी होती आणि हात मातीनं भरलेले. ती फार थकलेल्या माणसासारखी नुसती बसली होती.

"तुझी कोण ही?" मुकादम बाबांना विचारत होता. त्याला ठाऊक होतं.

"बहीण."

"थोरली का धाकटी?"

"थोरली."

"म्हणजे मानाची." मुकादमाचा आवाज चढला नव्हता. "हे बघ, मी हिला खाली गोदामापाशी नेऊन बसवू शकतो. दोन दिवस बसेल, माणसं येऊन बघून जातील. तसलं काही नको मला. बायमाणूस आहे. तू असं कर, तिनं जे जे लावलंय ना, ते तुझ्या हातानं उपट. तिच्यासमोर. मग घेऊन जा घरी."

बाबा जागीच उभे राहिले.

"राखणदार."

आत्या म्हणाली, "उपट रे. उन्हात बसवत नाही मला."

बाबा वाकले. पहिलं डोकं बोटांनी मोकळं केलं. हळू केलं. मुकादम म्हणाला, "नाटक नको, ओढ." त्यांनी ओढलं, बाजूला दगडावर टाकलं. कोंब मोडला. दुसऱ्याकडं वळले. आणि वळता वळता त्यांचा उजवा पाय मागं गेला आणि बुटाच्या टाचेनं माती ढकलून रिकामा झालेला खड्डा बुजवून, दाबून, पुढं झाला.

"ए!" मुकादम म्हणाला. "बुजवतोस काय?"

बाबांचा पाय हवेतच राहिला. त्यांनी खाली बुटाकडं पाहिलं. तो बूट दुसऱ्या कुणाच्या तरी पायात असल्यासारखं. मग पाय काळजीपूर्वक बाजूला ठेवला, आणि वाकून पुढचं डोकं ओढलं. आणि पुढचं. सगळी दगडावर पडली. आत्या एकेकाकडं बघत होती, मोजत असावी, किंवा नसावीही.

कुंपणाबाहेर जाडीनं भोंग्याचा हात धरला होता. कधी धरला ते दोघींनाही कळलं नव्हतं. दोघी खाली वस्तीकडं निघाल्या. वळणावर जाडी थांबली. केसातली लाल रिबीन तिनं सोडली, बोटांभोवती गुंडाळली आणि पुढं केली.

"घे. उत्तर मिळालं."

"मला नको."

"पैज पैज असते."

"नको म्हटलं ना!" भोंगा अशी ओरडली की वरच्या झाडातले पक्षी उडाले. जाडीनं रिबीन मुठीत धरली. ती रागावली नाही. ती फक्त लहान दिसली, होती त्याहून काटकुळी.

*

संध्याकाळी बाबा खांद्यावर धान्याची गोणी घेऊन आले. पंधरवडा व्हायचा होता. "मुकादमानं दिली," ते म्हणाले. "आधीच दिली. वर थोडं जास्त." गोणी त्यांनी खाली ठेवली नाही, टाकली. बूट काढले. आज झटकले नाहीत.

आईनं गोणीकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, आणि धाकटीकडं पाहिलं, जी गोणीला मिठी मारून बसली होती. मग उठून तिनं चूल पेटवली. लंगडत पाणी आणलं, धान्य निवडलं, शिजत घातलं. दाट घातलं. किती दिवसांनी भांड्यात चमचा उभा राहिला. सगळ्या घरात वास पसरला आणि भोंग्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्या पाण्याची तिला इतकी लाज वाटली की ती दाराबाहेर जाऊन थुंकली. परत आत आली तर पुन्हा सुटलं.

आईनं एक ताटली भरून आत्याला हाक मारली. भोंग्याला वाटलं, ती यायची नाही. पण ती आली. आत्या आली, भिंतीला टेकून बसली, ताटली घेतली आणि खाल्लं. मान वर न करता, घास न मोजता, वेडावाकडा अंगठा ताटलीच्या कडेवर धरून. पुसून खाल्लं. "अजून घालू का, वन्सं?" आईनं विचारलं, आणि आत्यानं ताटली पुढं केली.

बाबा तिच्याकडं बघत नव्हते. त्यांच्या ताटात होतं तसंच होतं.

"खा रे," आत्या म्हणाली. "खाल्लं नाहीस तर उद्या उभा कसा राहशील?"

तेव्हा भोंगा उठली. कोपऱ्यातून तिनं दप्तर आणलं. वह्या-पुस्तकं काढून फळीवर ठेवली. माठापाशी बसली, गोणपाट उचललं, आणि उरलेली डोकी एकेक करून, कोंब वर येतील अशी, ओल्या फडक्यात गुंडाळून दप्तरात ठेवायला लागली. धाकटीचा चमचा थांबला होता.

"आई, बाबा," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, आवाज मोठा नव्हता. "मी तुम्हाला विचारायला नाही उठले. सांगायला उठलेय. उद्या शाळेत जाताना मी वर जाणार. ओढ्यातून सरपटत नाही, फाटकाकडून, उजेडात. ही लावणार. जिथली तिथं, आत्या सांगेल तिथं. डुकरं व्हायचं मीच सांगितलं होतं ना? आता नाही व्हायचं. मी खड्डे बुजवणार, पानं पसरणार, मागं सरून बघणार. मग शाळेत जाणार, शाळा मी सोडत नाही. रोज थोडी नेईन, संपेपर्यंत."

"भोंग्या, धान्य बंद होईल गं," आई म्हणाली. नुसती सांगत होती, जखमेला हात लावून बसल्यासारखी.

"होईल. माहीत आहे मला." तिनं दप्तराचा बंद ओढला. "बाबा, त्या दिवशी मी विचारलं त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. आज मी कुंपणाबाहेर होते. तुमचा पाय बघितला मी. उद्या तुमची पाळी असली तर तुम्ही मला पकडा, माझं काही म्हणणं नाही. फक्त उपटायला सांगितलं तर उपटायचं नाही. तुम्ही नाही आणि मीही नाही."